गल्लीच्या शेवटाचा दगड

त्या राज्यात प्रत्येक गोष्टीला शेवट होता, आणि तो दाराबाहेर ठेवलेला असे. काळा, वाटोळा, नारळाएवढा दगड. ज्या घराबाहेर दगड, ते घर पुरे झाले. तिथे काय घडायचे ते घडले, असे समजून येणाऱ्याजाणाऱ्याने पुढे चालू लागावे, असा रिवाज होता.

दगड ठेवण्याचे काम दरबारच्या एका अधिकाऱ्याकडे होते. त्यांचे नाव संपले. ते दगडासमोर उभे राहत, त्याच्या पलीकडे दुसरा दगड नाही याची खात्री करत, आणि मग स्वतःचे नाव स्पष्ट उच्चारत. तेवढ्याने काम होई. नंतर ते अहवाल लिहीत आणि त्याच्या खाली मसुराच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढत. तो ठिपका दिसल्याशिवाय दरबारचा कोणताही हुकूम अमलात येत नसे. संपले मोठे नेकीचे गृहस्थ होते, पण त्यांना कोणी कधी घरी बोलावल्याचे ऐकिवात नाही. ते पंगतीत आले की पंगत उठे, गप्पांत आले की गप्पा थांबत. ते येताना दिसले की लोक मुकाट्याने बाजूला होत. "या, बसा" म्हणण्याचे धाडस कोण करणार?

राज्यात दोन गावे होती. वरच्या गावात क्रियांची वस्ती होती आणि खालच्या गावात संख्यांची.

वरच्या गावात क्रिया वयात आली की तिला दरबारात नेऊन तीन प्रश्न विचारत. तू कोणाची? किती जणांची? आणि कधीची? उत्तरे देता आली की तिच्या करगोट्याला तीन गाठी मारत, एक घर देत आणि दाराशी दगड ठेवत. आली नावाच्या बाईंनी ही तिन्ही उत्तरे एका दमात दिली होती. त्या बाईमाणसाच्या, एकटीच्या आणि होऊन गेलेल्या वेळेच्या. त्यांना लगेच घर मिळाले.

ज्यांना उत्तरे देता येत नसत त्यांना घर नसे. ते कोणाच्या तरी पडवीत राहत, आणि त्यांना पडवीकर म्हणत. पडवीकरांवाचून घराचे अडत नसे. पण पडवीत कोणी असले की घराला जरा शोभा येई. बसली नावाच्या बाईंच्या पडवीत रांधायला राहत होते, त्यामुळे त्या नुसत्या बसल्या नाहीत, रांधायला बसल्या, हे शेजाऱ्यांना कळे आणि दुपारच्या जेवणाची आशा वाटे. आलीबाईंच्या पडवीत चालत राहत होते.

चालत ही बाई की बुवा, एक की अनेक, कालचे की उद्याचे, हे त्याचे त्यालाच सांगता येत नसे. म्हणून गाव त्याला 'ते' म्हणे, आणि आपणही तसेच म्हणू. त्याच्या बोलण्यालाही कुठे गाठ बसत नसे. पण कामाला ते वाघ होते. आलीबाई कशा आल्या, घोड्यावरून की डोलीतून, असे कोणी विचारले की त्या पडवीकडे बोट दाखवत, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळे.

चालतची एक इच्छा होती, आणि ती ते कोणाला सांगत नसे. त्याला स्वतःचे दार हवे होते. आलीबाईंच्या दारचा दगड ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून लख्ख करी आणि पुसून झाल्यावरही थोडा वेळ त्यावर हात ठेवून बसून राही. आलीबाई हे खिडकीतून बघत. त्यांना वाईट वाटे, पण गाठी देणे काही त्यांच्या हातात नव्हते.

आता खालच्या गावाबद्दल. तिथे एकच गल्ली होती. पहिल्या घरात एक राहत, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. तीनच्या घरापुढे एक ओढा आडवा जाई, आणि ओढ्यापलीकडे चार, पाच, सहा असे पुढे. ज्याची जी संख्या तेवढ्या त्याच्या घराला खिडक्या. सगळे नियमाने वागणारे आणि जागचे न हलणारे लोक होते. पण दरबाराला त्यांची लाज वाटे, कारण त्या गल्लीच्या शेवटी दगड नव्हता. राज्यात प्रत्येक गोष्टीला शेवट असताना एका गल्लीला तो नसावा, हे पाहुण्यांना सांगणार कसे?

दरबाराने तीन मोठे दगड घडवून घेतले, जात्याच्या तळीसारखे चपटे आणि परातीएवढे. उभा धरला की असा दगड चाकासारखा ढकलता येई. वरच्या गावातले तीन भरवशाचे गृहस्थ निवडून प्रत्येकाला एकेक दगड दिला. पहिले गेला. ते खरोखरच गेले. पण त्यांचे जाणे एका दुपारी, चारशे बाराच्या दारात, पुरे झाले. पुढे पाऊल उचलेना. त्यांनी दगड तिथेच टाकला आणि घरी येऊन आयुष्यभर त्या प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. दुसरे जातो. ते रोज सकाळी जात आणि रोज दगड थोडा सरकवत, पण पोचणे हे आपले काम नव्हे असे त्यांचे मत होते. सहा हजार सातच्या दाराशी त्यांचा दगड राहिला. तिसरे जाईल. त्यांनी पायांत जोडे घातले, मांडीवर गाठोडे घेतले, आणि त्यालाही आता बरीच वर्षे झाली होती.

तेव्हा दरबारच्या शहाण्यांनी डोकी एकत्र केली. वरच्या गावातल्या पडवीकरांना गाठ नाही. खालच्या गल्लीला शेवट नाही. म्हणजे दोन्हींना दगड नाही. म्हणजे दोन्हीकडे रोग एकच. हा निष्कर्ष इतका सुटसुटीत होता की तो खरा आहे का हे पाहायला कोणाला सवड झाली नाही. हुकूम निघाला. येत्या दगडपूजेच्या दिवशी संपल्यांनी दोन्ही गावांचा अहवाल द्यावा. तोवर गल्लीच्या शेवटी दगड पडला तर रोग हटला असे समजून पडवीकरांना राहू द्यावे, आणि दगड ठेवणाऱ्याला तीन गाठी व एक घर द्यावे. दगड पडला नाही, तर अहवाल पुरा होताच सर्व पडव्या रिकाम्या करून पडवीकरांना मुक्या माळावर सोडावे.

मुक्या माळावर कोणी येत नसे, जात नसे, बसत नसे. तिथे नेलेल्याचे नाव पुन्हा कोणाच्या तोंडी आल्याचे ऐकिवात नव्हते.

हुकूम वाचला गेला त्या दुपारी आलीबाई पडवीत येऊन बसल्या. एरवी त्या पडवीत बसत नसत.

"तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय," त्या म्हणाल्या. "जाऊ नको."

"बघून तर यायचं, ताई," चालत म्हणाले. "न बघताच रोग म्हणायचा? गल्ली कसली, शेवट कसला, काहीच ठाऊक नसताना?"

"तीन मोठमोठी माणसं हात टेकून बसली. आणि तू निघालंस दगड ठेवायला!"

"त्यांना गाठी. मला कुठं?"

आलीबाई एकदम रागावल्या, कारण त्यांना रडू येत होते. "आणि माघारी आलं नाहीस तर? मी नुसती आली होऊन बसेन. कशी आली, कुठून आली, कोणाला काही कळणार नाही. वाऱ्यानं उडून आली म्हणतील."

चालतने फडके धुऊन वाळत घातले, आणि दुपार उतरायच्या आत ते जाईल यांच्या घरी गेले. जाईल जोडे घालून ओट्यावरच बसले होते. "ने, ने," ते आनंदाने म्हणाले. "तू हो पुढं. मी मागाहून येईनच."

दगड ढकलत चालत गल्लीला लागले. ओढ्याला तेव्हा घोटाभर पाणी होते. एक, दोन, तीन, चार, सगळ्यांनी ओट्यावर येऊन चौकशी केली. चालत विचारी, "शेवट कुठं म्हणायचा?" आणि प्रत्येक जण अदबीने सांगे, "पुढच्या घरी विचारा. ते आमच्यापेक्षा मोठे आहेत." पुढचे घर तेच सांगे. कोणी थापा मारत नव्हते. प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याबद्दल खात्री होती. चालतला याची मौज वाटू लागली. गल्ली काय करते आहे हे त्याला बघावेसे वाटू लागले, आणि पाय आपोआप उचलले गेले.

चारशे बाराच्या घरापाशी मात्र रस्ता बंद होता. गेला यांचा दगड गल्लीत आडवा पडलेला होता, त्याला शेंदूर फासलेला होता आणि जातो पुढे निघून गेल्यावर कधीतरी मागे बांबूचे कुंपण घातले होते. घरावर पाटी होती. चारशे बारा, आणि खाली ठळक अक्षरांत, राज्यातले शेवटचे.

"या, या," चारशे बारा म्हणाले. ते जाडजूड आणि अघळपघळ गृहस्थ होते. "शेवट बघायला आलात ना? पुष्कळ येतात. यापुढं काही नाही. पूर्वी लोक नाव विचारायचे नि विसरायचे. आता लांबून दर्शनाला येतात."

"आणि पलीकडचा तो धूर?" चालतने विचारले. कुंपणामागून चुलीचा धूर वर चढत होता.

"धुकं असेल," चारशे बारा म्हणाले.

तेवढ्यात कुंपणावरून एक हात पुढे आला. हातात वाटी होती. मागोमाग एका बाईंचे डोके वर आले. "घ्या हो भावजी, विरजण," त्या म्हणाल्या. "आणि कालची वाटी द्या परत. तुमच्याकडं माझ्या तीन वाट्या झाल्या."

चारशे बारांनी वाटी घेतली आणि चालतकडे न बघता घरात गेले.

त्या बाई म्हणजे चारशे तेरा. चालतने कुंपणाच्या फटीतून त्यांना सगळे विचारून घेतले. दगड पडल्या दिवसापासून त्यांच्याकडे टपाल येत नव्हते, लग्नकार्याचे बोलावणे येत नव्हते. राज्याच्या नकाशात चारशे बाराच्या भिंतीपाशी कागद संपत होता. "आम्ही आहोत, हे दही लावायच्या वेळेला तेवढं आठवतं यांना," बाई म्हणाल्या. "माझ्यापुढं चारशे चौदा आहे, बाळंतीण आहे बिचारी. तिच्यापुढं पंधरा. सगळी नांदती घरं. आणि म्हणे काही नाही!"

"पण मग दरबारचं म्हणणं," चालत म्हणाले, "ही गल्ली न संपणारी, आणि माझंही तसंच. दोघांना एकच रोग."

चारशे तेरा हसू लागल्या. "माझ्या घराकडं बघ. मोज खिडक्या. चारशे तेरा, एक इकडं नाही की तिकडं नाही. पुढच्यांच्याही मोज. वेळ लागेल, पण मोजून संपतील. आम्ही सगळे संपणारेच आहोत, बाळा. संपत नाही ती गल्ली. आणि तुझं काय? तुला तर कोणी बांधलंच नाही अजून. न बांधलेलं आणि न संपणारं एकच कसं होईल? मोकळं वासरू म्हणजे काय दोन कोस लांबीचं वासरू होय?"

इतक्या वर्षांत हे चालतला कोणी सांगितले नव्हते. त्याला हलके वाटले, आणि थोडा रागही आला, कारण एवढी साधी गोष्ट कळायला चारशे बारा घरे ओलांडावी लागली होती.

"हा दगड इथून काढून," ते म्हणाले, "पुढं न्यायचा."

"काढू नका," दारातून चारशे बारा ओरडले. विरजणाची वाटी त्यांच्या हातातच होती. "तो काढला तर मग मी कोण?"

"चारशे बारा," चारशे तेरा म्हणाल्या. "काय वाईट आहे?"

चारशे बारा दाराशीच बसले. बऱ्याच वेळाने ते उठले, वाटी खाली ठेवली, कुंपण उपटले आणि त्यांनी स्वतःच दगडाला खांदा लावला. "पण फक्त यांच्या घरापर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढं मला जमायचं नाही." चारशे तेरांनी दगड आपल्या दारातून चारशे चौदाच्या दारापर्यंत नेला. चारशे चौदा बाळंतीण होती म्हणून तिच्या नवऱ्याने पुढे नेला. आणि मग ती पद्धतच पडली. प्रत्येकाने शेजारच्या घरापर्यंत ढकलायचे. कोणाला जड वाटत नसे आणि दगड कुठे थांबत नसे. सहा हजार सातच्या घरापासून जातो यांचाही दगड निघाला. आता तीन दगड गल्लीतून गडगडत होते, आणि त्यांच्यामागून चालत.

किती दिवस गेले ते चालतला सांगता आले नसते. त्या प्रश्नात ते पहिल्यापासूनच कच्चे होते. घरे मोठी होत गेली. नावे लांबत गेली. शेवटी एक गृहस्थ भेटले, त्यांनी न्याहारीच्या वेळी आपले नाव सांगायला सुरुवात केली ती जेवणाची पाने मांडेपर्यंत सांगत होते. त्यांच्या खिडक्यांची रांग डोंगराआड गेली होती. ते दमलेले दिसत होते.

"माझ्या दाराशी ठेव," ते हळूच म्हणाले. "एवढ्या मोठ्या संख्येला शेवट म्हटलं तर दरबारात कोण नाही म्हणेल? इतक्या लांब पडताळायला येणार कोण? मी साक्ष देतो. तुझं काम होईल, तुझ्या माणसांचं होईल, आणि मला जरा मान मिळेल."

चालतने एक दगड आडवा केला. तीन गाठी. एक घर. दारासमोर आपला स्वतःचा दगड, जो दुसऱ्या कोणाचा म्हणून पुसायचा नाही. बसून, रांधायला, हसताहसता, सगळे पडवीकर आपापल्या पडवीत सुखरूप. दगड जमिनीवर टेकायला चार बोटे अंतर राहिले होते.

तेव्हा त्याला पलीकडची दोरी दिसली. त्या थोर गृहस्थांच्या भिंतीमागे कोणीतरी धुणे वाळत घातले होते. एक हिरवे लुगडे, दोन झबली, आणि एक फडके. फडके अगदी त्याच्या स्वतःच्या फडक्यासारखे, कडेला विरलेले.

त्याने दगड पुन्हा उभा केला. "नाही जमायचं, बाबा," ते म्हणाले. "त्या घरातल्यांनी मग कोणाच्या पडवीत जायचं?" आणि ते माघारी वळले. दगडपूजेचा दिवस जवळ आला होता. दगड ठेवता आला नाही तर निदान सगळ्यांच्या सोबत मुक्या माळावर जाता यावे, एवढेच आता त्याच्या मनात होते. दगड आले तसेच दारोदारी मागे निघाले. प्रत्येक घराने ते मागच्या घरापर्यंत पोचवून दिले. चारशे बारांच्या दारावरची पाटी उतरलेली होती आणि ते चारशे तेरांच्या ओट्यावर बसून वाट्या घासून देत होते.

चारच्या घरी पोचेपर्यंत दगडपूजेचा दिवस उजाडला होता. वर डोंगरात पाऊस झाला असावा; ओढा दुथडी भरून वाहत होता. पलीकडच्या काठावर, तीनच्या अंगणात, सगळे वरचे गाव लोटले होते. एका बाजूला पडवीकर आपापली बोचकी घेऊन उभे होते. दुसऱ्या बाजूला घरवाले, खाली माना घालून. मधे संपले, कागद आणि दौत घेऊन. आलीबाई सगळ्यांच्या पुढे, पाण्याच्या अगदी कडेला होत्या.

"आलं! आलं!" त्या ओरडल्या. "पण येणार कसं आता?"

चालतने इकडेतिकडे पाहिले. चारने विचारले, "उचलू का एका बाजूनं?" दोघांनी मिळून पहिला दगड आपल्या काठाजवळ पाण्यात बसवला. त्यावर उभे राहून दुसरा मधोमध. त्यावरून तिसरा, तीनच्या अंगणाजवळ. मग चालत एकेक पाऊल टाकत अलीकडे आले. आलीबाईंनी त्याचा दंड जो धरला तो सोडला नाही.

संपले पुढे झाले. लोक सवयीने बाजूला झाले. "दगड ठेवलास?" त्यांनी विचारले.

"हे काय, साहेब. पाण्यात," चालत म्हणाले.

"शेवटाला एक दगड असतो. हे तीन आहेत."

"तिघांनी नेलेले, म्हणून तीन."

"यातला शेवटाचा कोणता?"

"समोर उभं राहून बघायचं, साहेब. ते तुमचं काम. माझं फक्त इथवर आणणं."

संपले विचारात पडले. तीन दगडांचा शेवट कोणत्याच नियमात बसत नव्हता. पण ते नेकीचे होते, आणि पाहिल्याशिवाय आपले नाव उच्चारणे त्यांना पटणारे नव्हते. ते काठावर, आपल्या बाजूच्या पहिल्या दगडासमोर उभे राहिले. त्यांनी इथे आपले नाव घेतले असते तर तीनच्या अंगणातच गल्ली सरली असती. चार, पाच, चारशे तेरा, ती बाळंतीण, ते हिरवे लुगडे, सगळे पुसले गेले असते. संपल्यांनी नियमाप्रमाणे पलीकडे पाहिले. पलीकडे दुसरा दगड होता.

ते पहिल्या दगडावर चढले. दुसऱ्यासमोर उभे राहिले. पलीकडे तिसरा होता. ते दुसऱ्यावर गेले. मग नीट खात्री करायला तिसऱ्यावर. आता पलीकडे दगड नव्हता. संपल्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडले.

"या साहेब," समोरच्या काठावरून चार म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. "पाय जपून. दगड ओला आहे."

संपल्यांचे तोंड उघडेच राहिले. त्यांना कोणी 'या' म्हटले होते. त्यांनी मागे वळून पाहिले, हे दुसऱ्या कोणाला तर म्हटले नाही ना म्हणून. मागे कोणी नव्हते. त्यांनी कागद बगलेत धरला, चारचा हात धरला आणि ते काठावर उतरले. त्यांचे नाव त्यांच्या ओठांवरच राहून गेले.

चारच्या ओट्यावर त्यांनी पाणी प्यालेले सर्वांनी पाहिले. त्यांनी काहीतरी विचारलेले पाहिले. चारने पुढच्या घराकडे बोट दाखवलेलेही पाहिले. मग संपले उठले आणि पाचच्या दाराकडे निघाले. त्यांची पावले एरवीपेक्षा भरभर पडत होती.

लोक संध्याकाळपर्यंत थांबले. मग पडवीकरांनी बोचकी सोडली, कारण हुकूम अहवाल पुरा झाल्यावरचा होता आणि अहवाल लिहिणारे गृहस्थ तर दिसेनासे झाले होते. चालतला गाठी मिळाल्या नाहीत, घरही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडके घेऊन दगड पुसायला बसले, तेव्हा आलीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पडवीच्या पायरीवर, दाराच्या दगडापासून जरा लांब, तीन गोटे एका ओळीत मांडले. "हे तुझे," त्या म्हणाल्या. चालतने ते तिन्ही पुसले. त्याला बराच वेळ लागला, कारण डोळे भरून येत होते.

काही महिन्यांनी संपल्यांचा अहवाल आला. तो घरोघर हातांतून हातांत देत, तीनच्या अंगणापर्यंत पोचला होता. दरबारच्या कारकुनाने तो वरच्या गावच्या चौकात वाचायला घेतला, आणि पडवीकर पुन्हा बोचकी जवळ घेऊन बसले. कारकून खड्या आवाजात वाचत होता. चारकडे पाणी घेतले. शेवट आढळला नाही. पाचच्या खिडकीतून सहाचे घर दिसते. सहाकडे पोहे झाले. सातांचा आग्रह मोडवेना. चारशे तेरा यांच्या विरजणाचे दही चांगले लागते. शेवट आढळला नाही. पुढचे घर मोठे आहे म्हणतात, उद्या तिकडे जाईन, आणि त्याच्यापुढे

इथे अक्षरे सरली. कारकुनाने सवयीने ठिपक्यावर बोट ठेवले, आणि हुकूम पुकारायला तोंड उघडले. पण त्याच्या बोटाला शेजारी दुसरा ठिपका लागला. त्याच्या शेजारी तिसरा. चौकातले सगळे ते बोट बघत होते. ते तिसऱ्या ठिपक्यावर क्षणभर अडखळले, मग कागदाची कड ओलांडून पुढे सरकले, आलीबाईंच्या पायरीवरून, ओढ्यातल्या दगडांवरून, खाली गल्लीकडे, आणि तिथून पुढे …